नडगीत रॉड टाकून ११ आठवडे झाले, फट अजून दिसतेय

अर्धीपायरी

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून लिहितेय.

११ आठवड्यांपूर्वी जिना उतरताना मला वाटलं, पायऱ्या संपल्या. एक उरली होती. उजवं पाऊल जिथल्या तिथे अडकलं आणि बाकीची मी गर्रकन फिरले. ओली काठी मोडावी तसा आवाज आला, तो अजून कानात आहे. नडगीचं हाड खालच्या तिसऱ्या भागात पिळासारखं मोडलं, शेजारचं बारीक हाड वर गुडघ्यापाशी मोडलं. कातडी फाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. गुडघ्यातून रॉड टाकलाय, वर दोन स्क्रू, खाली तीन.

सहाव्या आठवड्याचा एक्स-रे बघून डॉक्टर "छान" म्हणाले होते. काल पुन्हा काढला. घरी येऊन फिल्म खिडकीच्या काचेला लावली आणि माझं धाबं दणाणलं. मागच्या बाजूला पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी धुरकट जमलंय, पण पुढच्या बाजूची काळी रेघ अगदी होती तशीच आहे, पेन्सिलीने काढल्यासारखी. डॉक्टर म्हणतात, "चालत राहा, सहा आठवड्यांनी या." आणि ओळखीतले एकजण म्हणतात, तीन महिन्यांत जुळलं नाही तर परत उघडून कमरेचं हाड काढून भरतात. त्यांच्या मेहुण्याचं तसं झालं म्हणे.

खरंच उशीर झालाय का? फट असताना चालले तर रॉड मोडणार नाही? आणि मोडलंय घोट्याच्या वर, मग दुखतो गुडघा, हे काय गौडबंगाल आहे?

वळणवाट

ताई, त्या मेहुण्यांना प्रथम धाग्याबाहेर काढा.

माझा डावा पाय, दीड वर्षापूर्वी, नडगीच्या मधोमध आडवा तुकडा पडला होता. रॉडच. तिसऱ्या महिन्यात फट दिसत होती, चौथ्यातही. पाचव्या महिन्यात वरचा एक स्क्रू काढला. जागच्या जागी बधिर करून, वीस मिनिटांत घरी. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी फिल्म दाखवून विचारलं, "कुठे मोडलं होतं सांगा." मला सांगता आलं नाही.

दर दोन दिवसांनी फिल्म काचेला लावू नका. ती बदलत नाही.

अस्थिर

हाडांचं काम करतो, म्हणून लिहितो. तुमची फिल्म मी पाहिलेली नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

पहिली गोष्ट, रॉड हाड जुळवत नाही. ऑपरेशन झालं म्हणजे हाड जुळलं असं घरातल्या सगळ्यांना वाटतं, आणि आम्हीही घाईत "जोडलं" म्हणून मोकळे होतो. शब्दाचा घोळ आमचाच. रॉड फक्त धरून ठेवतो. लांबी, सरळपणा आणि पावलाची दिशा बिघडू नये एवढंच त्याचं काम. जुळायचं ते हाड आपलं आपण जुळतं, त्याच्या वेगाने.

आणि नडगीचा वेग मुळात कमी. आत्ता हात लावून पाहा. नडगीची आतली बाजू गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कातडीखाली थेट हाताला लागते. मांडीच्या हाडाभोवती चहूबाजूंनी मांसाची गादी आहे, तिथून रक्त मिळतं. नडगीला पाठीमागे पोटरी आहे, पुढून काही नाही. हाडाच्या आत जाणारी मुख्य रक्तवाहिनी वरच्या भागात मागून शिरते आणि खाली उतरते. हाड मधे मोडलं की खालच्या तुकड्याकडे जाणारा तो रस्ता तुटतो. त्यात खालच्या तिसऱ्या भागात पोटरीचं मांस संपून नुसत्या कंडरा, म्हणजे मांसाला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, उरतात. म्हणजे तुम्ही मोडायला नेमकी सगळ्यात आळशी जागा निवडलीत.

आता फिल्म. मागे जो पिंजलेला कापूस दिसतोय तो कॅलस. पहिल्या काही दिवसांत मोडीभोवती रक्त गोठतं, दोन-तीन आठवड्यांत तिथे कूर्चेसारखं मऊ जाळं तयार होतं, मग त्यात हळूहळू चुना भरत जातो. कॅलस आधी मागे येतो, कारण रक्त मागे आहे. पुढची रेघ सर्वांत शेवटी जाते. त्यामुळे तुमचं वर्णन वाचून मला तरी घाबरण्यासारखं काही वाटलं नाही.

आम्ही फिल्म कशी वाचतो तेही सांगतो. हाड म्हणजे नळी धरा. समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढले की नळीच्या चार भिंती दिसतात: पुढची, मागची, आतली, बाहेरची. प्रत्येक भिंतीला १ ते ३ गुण. कॅलस नाही आणि रेघ दिसते, १. कॅलस आहे पण रेघही दिसते, २. कॅलसने पूल बांधला आणि रेघ गेली, ३. बेरीज ४ ते १२. व्यवहारात चारपैकी तीन भिंतींवर पूल झाला आणि चालताना तिथे दुखत नसेल तर जुळलं म्हणतो. १२ पैकी १२ ची वाट कोणी पाहत बसत नाही.

बंद मोड, म्हणजे कातडी न फाटलेली, असेल तर चार-पाच महिने हा नडगीचा नेहमीचा हिशोब. सहा झाले तरी आकाश कोसळत नाही. "जुळलंच नाही" असं म्हणायला बऱ्याच ठिकाणी ९ महिने झालेले हवेत आणि त्यातले शेवटचे ३ महिने एक्स-रेत काहीच प्रगती नको, अशी व्याख्या वापरतात. तुम्ही ११ आठवड्यांवर आहात.

गुडघ्याचं नंतर लिहितो, ओपीडी सुरू होतेय.

खडूस_काका

अस्थिर हे नाव हाडाच्या डॉक्टरने घ्यावं म्हणजे कमाल आहे. कुबड्या बनवणाऱ्याने 'निराधार' नाव घेतल्यासारखं.

आमच्या वेळी रॉडबिड नव्हतं. १९७४ साली माझी नडगी मोडली तेव्हा मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर. साडेचार महिने. आत खाज सुटली की विणायची सुई घालून खाजवायचो, तीही एकदा आत पडली. प्लास्टर काढलं तेव्हा पाय बघून आई रडली. पोटरी मनगटाएवढी झाली होती आणि गुडघा वाकेना. हाड जुळलं, पण पाऊल जरा बाहेर वळलेलंच राहिलं आणि पाय अर्ध्या बोटाने आखूड. बूट झिजतो तो आजही एकाच बाजूला.

तरी चाललो की पन्नास वर्षं! मग आता प्रत्येकाला रॉड कशासाठी? हा धंदा तर नव्हे?

अस्थिर

काका, नाव पहिल्या वर्षी वसतिगृहातल्या मित्रांनी ठेवलं, ते चिकटलं.

तुमची शंका रास्त आहे. प्लास्टरने नडगी जुळते, अजूनही जुळवतो. मोड फार सरकलेली नसेल, कातडी शाबूत असेल, पाय आखूड झालेला नसेल तर चालतं. सार्मिएंटो नावाच्या सर्जनने १९६०च्या दशकात दाखवलं की काही आठवड्यांनी लांब प्लास्टर काढून गुडघा मोकळा ठेवणारा पट्टा बांधला आणि रुग्णाला चालवलं तर हाड उलट छान धरतं. लहान मुलांच्या बऱ्याचशा नडग्या आजही प्लास्टरमध्येच बऱ्या होतात.

पण तुम्ही स्वतःच किंमत सांगितलीत: वाकलेलं पाऊल, आखडलेला गुडघा, साडेचार महिने अंथरूण. रॉडमुळे हाड फार लवकर जुळतं असं नाही. माणूस लवकर उठतो, गुडघा-घोटा पहिल्या दिवसापासून हलतो आणि हाड सहसा सरळ जुळतं. "सहसा" म्हटलं, कारण पाऊल थोडं वळून बसण्याची चूक रॉडमध्येही होते. टेबलावर दोन्ही पाय तुलना करून पाहावे लागतात.

आणि रॉड तसा नवा नाही. गेरहार्ड क्युंचर या जर्मन सर्जनने १९३९ साली मांडीच्या हाडाच्या पोकळीत पोलादी खिळा ठोकला. दुसऱ्या महायुद्धातले युद्धकैदी जर्मनीतून घरी परतले तेव्हा त्यांच्या मांडीतली धातूची कांब पाहून तिकडचे डॉक्टर चक्रावून गेले होते. फक्त तो नुसता खिळा होता. हाड त्याच्याभोवती फिरायचं किंवा घसरायचं, म्हणून नडगीच्या टोकाजवळच्या मोडींना तो निरुपयोगी होता. १९७०च्या दशकात खिळ्याला वर-खाली आडवे स्क्रू मारायची पद्धत बसली आणि मग हे काम सर्वदूर झालं.

रात्रपाळी

मी अस्थिविभागात परिचारिका आहे, रात्रीच जास्त. फट आणि कॅलसचं डॉक्टरांनी लिहिलंच. मला वेगळंच सांगायचंय. धागा पुढे कोणीतरी पाय मोडल्याच्या पहिल्या दिवशी वाचेल, त्याच्यासाठी.

नडगी मोडल्यावर पहिले दोन दिवस हाडापेक्षा मांसाची भीती जास्त असते. गुडघ्याखालचं मांस चार कप्प्यांत बांधलेलं असतं आणि कप्प्याचं आवरण ताणत नाही. आत सूज आली की दाब वाढतो, मांसाला रक्त मिळेनासं होतं आणि काही तासांत ते मरायला लागतं. तरुण पुरुषांत जास्त दिसतं. प्लास्टर असो, रॉड असो, कातडी फाटलेली असली तरीही होऊ शकतं.

एका रात्री एक मुलगा, विशीतला असेल, ऑपरेशन होऊन सहा तास झालेले. दुखण्याचं इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासाने परत बेल. परत दिलं, परत बेल. बरोबरचे नातेवाईक त्यालाच रागवत होते, "एवढं काय, सगळ्यांचंच दुखतं." मी त्याचा अंगठा नुसता हळूच वर उचलला आणि तो किंचाळला. पोटरी हाताला लाकडासारखी लागत होती. पायाची नाडी मात्र व्यवस्थित लागत होती, पाऊलही गरम. तरीही मी डॉक्टरांना उठवलं. त्यांनी दाब मोजला, पाऊण तासात तो टेबलावर होता. दोन्ही बाजूंनी लांब चिरे घेऊन कप्पे मोकळे केले, जखम आठवडाभर उघडी ठेवली, मग त्वचा लावली. पाय वाचला.

म्हणून सांगते, औषधाला दाद न देणारं, वाढत जाणारं दुखणं आणि बोट ताणल्यावर जीव जाणं, एवढ्यावर बेल वाजवा. बधिरपणा येण्याची, नाडी जाण्याची वाट बघू नका, तोवर फार उशीर झालेला असतो. चिडखोर पेशंट म्हणून नाव झालं तर होऊ द्या.

वळणवाट

वाचूनच अंगावर काटा आला. माझ्या वेळी रात्रभर दर तासाला कोणीतरी येऊन बोटं वर-खाली करून जायचं, मी वैतागून "झोपू द्या" म्हणालो होतो. आत्ता कळलं ते का.

निळीशाई

आमच्या घरातली गोष्ट जरा वेगळी आहे. इथे सगळे "होतं बरं" म्हणतायत म्हणून लिहिते.

माझा धाकटा भाऊ. दुचाकीला मोठ्या गाडीची धडक. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं, एक तुकडा रस्त्यावरच राहिला. पहिल्या रात्री जखम धुतली, मेलेलं मांस कापलं आणि बाहेरून दांड्या लावून पाय धरून ठेवला. चार दिवसांत तीनदा थिएटर. मग प्लास्टिक सर्जनने पोटरीतला स्नायू फिरवून उघड्या हाडावर पांघरला आणि वर मांडीची कातडी लावली. नंतर रॉड. आठ महिने झाले, जुळायचं नाव नाही आणि एका भोकातून पाणी यायला लागलं. जंतुसंसर्ग. रॉड काढला, आतला खराब भाग कापला, साडेचार सेंटिमीटर हाड गेलं. शेवटी रिंगा लावल्या.

रिंग म्हणजे पायाभोवती लोखंडी कडी, हाडातून आरपार गेलेल्या ताणलेल्या तारा आणि वर-खाली जोडणारे आट्याचे दांडे. वरच्या भागात हाड मुद्दाम कापतात आणि तो तुकडा रोज १ मिलिमीटर खाली सरकवत नेतात. दिवसातून चार वेळा पाव-पाव मिलिमीटर. पाना मी फिरवायचे. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. रात्रीच्या पाळीला तो झोपेतच पाय पुढे करायचा. मागे पडलेल्या फटीत नवं हाड येतं. पहिल्या एक्स-रेत काहीच नाही, मग ढगासारखं, मग उभ्या रेघा. पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही.

रिंगा साडेतेरा महिने होत्या. आज चालतो, लंगडतो थोडा, घोटा फारसा हलत नाही. पण पाय स्वतःचा आहे.

अस्थिर

निळीशाई, हे लिहिलंत ते बरं झालं. बंद मोड आणि उघडी मोड ही दोन वेगळी दुखणी आहेत, एक्स-रेत सारखी दिसली तरी. गुस्टिलो आणि अँडरसन यांनी १९७६ साली हजाराहून जास्त उघड्या मोडींचा अभ्यास करून तीन प्रकार पाडले, त्यातल्या तिसऱ्याचे १९८४ मध्ये आणखी तीन केले. आम्ही आजही रात्री दोन वाजता फोनवर त्याच भाषेत बोलतो. तुमच्या भावाचं वर्णन तिसऱ्यातल्या 'बी'चं आहे: हाड उघडं, आणि झाकायला मांस दुसरीकडून आणावं लागलं.

उघड्या मोडीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अँटिबायोटिकचा पहिला डोस, जमल्यास तासाभरात. मग भरपूर सलाइनने धुणं आणि मेलेलं ते निर्दयपणे काढणं. जोराच्या फवाऱ्याने धुवावं का, साबणाचं पाणी वापरावं का, यावर आमच्यात वर्षानुवर्षं भांडणं होती. २०१५ साली दोन हजारांहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. फवाऱ्याच्या जोराने फरक पडत नाही, आणि साबणाच्या गटात पुन्हा ऑपरेशनची वेळ उलट जास्त जणांवर आली. साधं सलाइन जिंकलं.

रिंगांची पद्धत इलिझारोव्ह या सोव्हिएत सर्जनची. सायबेरियातल्या कुर्गानसारख्या आडगावी, १९५०च्या दशकात. असं सांगतात की एका रुग्णाने दांड्याचे नट आवळण्याऐवजी उलटे फिरवले, फट दाबली जायच्या ऐवजी वाढली, आणि एक्स-रेत पाहतात तो फटीत नवं हाड. वेग मात्र तोच पाळावा लागतो. घाई केली तर हाड तयार होत नाही, रेंगाळलं तर मधेच जुळून बसतं. रात्री बाराची पाळी सांभाळणारी बहीण मिळणं हे त्या उपचाराचं अर्धं यश असतं.

शंकासुर

डॉक्टरसाहेब, मग या ११ आठवडेवाल्या ताईंनी हातावर हात ठेवून बसायचं का? घरी लावायचं अल्ट्रासाउंडचं यंत्र मिळतं, रोज वीस मिनिटं. माझ्या आतेभावाने लावलं, हाड जुळलं. शिवाय कॅल्शियम दुप्पट. दुखण्याच्या गोळ्या हाडाला मारक असतात हेही ऐकलंय.

अस्थिर

आतेभावाचं हाड यंत्र न लावताही जुळलं असतं का, हे आतेभावाकडून कळणार नाही. त्यासाठी चाचणी लागते आणि ती झालीय. ऑपरेशन केलेल्या ५०१ नडग्या, निम्म्यांना चालू यंत्र, निम्म्यांना दिसायला हुबेहूब पण बंद यंत्र. २०१६ साली निकाल आला. हाड जुळायला लागलेला वेळ सारखाच, कामावर परतणंही सारखंच.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व रक्तात कमी असेल तर जरूर भरून काढा. भरलेल्या टाकीत आणखी पाणी ओतून नळ जोरात येत नाही. दुखण्याच्या गोळ्यांवर मतभेद आहेत. सूज उतरवणाऱ्या काही गोळ्या हाड धरण्याच्या पहिल्या टप्प्यात ढवळाढवळ करतात असा संशय आहे, पण सगळे अभ्यास एका बाजूला नाहीत. मी त्या थोडे दिवस देतो, महिनोन्‌महिने देत नाही. हे माझं मत.

आणि "हातावर हात ठेवून बसणं" यावरही अभ्यास आहे बरं का. २००८ साली प्रसिद्ध झाला, १२२६ रुग्ण, नडगीत रॉड. मुळात प्रश्न होता की रॉड घालण्यापूर्वी हाडाची पोकळी आतून कोरावी की नाही. बंद मोडीत कोरलेलं बरं, उघड्या मोडीत फारसा फरक नाही, असं निघालं. पण मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. त्यांनी नियम घातला होता की "जुळत नाही" या कारणासाठी पहिल्या सहा महिन्यांत कोणी हात घालायचा नाही. शेवटी नुसतं जुळलं नाही म्हणून रॉड बदलण्याची किंवा हाड भरण्याची पाळी आली ५७ जणांवर. ४.६ टक्के. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घाबरून ज्यांची पुनश्च ऑपरेशनं होतात, त्यातली बरीच हाडं दोन महिने दिले असते तर आपोआप जुळली असती, असा मी त्याचा अर्थ लावतो. मेहुण्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही.

मात्र थांबणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे. ताप, जखमेतून पाणी, कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढणं, पाय वाकडा दिसू लागणं, यातलं काही झालं तर सहा आठवडे थांबायचं नाही.

धूर

एक प्रामाणिक प्रश्न. दिवसाला आठ-दहा सिगारेटी. नडगीत रॉड, पाचवा महिना, दोन भिंती. डॉक्टर ओरडतात. खरंच एवढा फरक पडतो की सगळ्याच डॉक्टरांची ती सवय असते?

अस्थिर

दोन्ही. ओरडायची सवय आहे आणि फरकही पडतो. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि नडगीत रक्ताची आधीच बोंब. हाड न जुळण्याचा धोका ओढणाऱ्यांमध्ये न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट धरतात. मोडल्यानंतर सोडली तरी उपयोग होतो. मधुमेह असेल तर साखरही तपासून घ्या.

धूर

ठीक. आज तीन ओढल्या. उद्याचं उद्या.

कोपरखळी

सगळे रॉडवाले जमलेत, प्लेटवाली मी एकटीच दिसते. माझी मोड घोट्याच्या अगदी वर, सांध्यात शिरलेली. सूज इतकी की पाण्याचे फोड आले होते. म्हणून पहिले बारा दिवस नुसत्या बाहेरच्या दांड्या, फोड सुकल्यावर, कातडीला सुरकुत्या दिसायला लागल्यावर मग प्लेट. दहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. रॉडवाले लवकर उठून चालतात हे वाचून जळफळाट होतोय. हा भेदभाव का?

आणि प्लेटचं वरचं टोक हाताला लागतं. मोज्याचं रबर बरोबर त्यावर बसतं.

अस्थिर

रॉड हाडाच्या मधोमध असतो, त्यामुळे वजन तो आणि हाड वाटून घेतात. थोडंसं दबणं कॅलसला आवडतंच. प्लेट बाजूला असते, आणि तुमच्या बाबतीत सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभाग फुटला होता. तो जुळायच्या आत खचला तर पुढे संधिवात ठरलेला. म्हणून टेकवायचं नाही. सुरकुत्यांची वाट पाहिली हे तुमच्या डॉक्टरांनी उत्तम केलं. सुजलेल्या कातडीवर चिरा घेतला की ती शिवली जात नाही आणि खाली प्लेट उघडी पडते.

अर्धीपायरी, तुमचा रॉड मोडेल का, हे राहिलंच. तार एकदा वाकवून तुटत नाही, पन्नासदा वाकवली की तुटते. धातू दमतो. हाड जुळणं आणि धातू दमणं यांची ही शर्यत आहे आणि बहुतेक वेळा हाड जिंकतं. चालण्याने तुम्ही हाडालाच मदत करताय.

गुडघा: रॉड वाटीखालच्या कंडरेतून किंवा तिच्या बाजूने आत जातो. त्यानंतर गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखणं ही या ऑपरेशनची सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे, जुन्या अहवालांत जवळपास निम्म्या रुग्णांची. गुडघे टेकून बसलं की जास्त. हल्ली काही सर्जन वाटीच्या वरून, पाय जवळजवळ सरळ ठेवून रॉड टाकतात. कारण तेवढं एकच नाही, मांडीचे स्नायू अशक्त असले तरी दुखतं. फिजिओ चुकवू नका.

आणि एक विचारायचंय. खालच्या भागातल्या पिळाच्या मोडीबरोबर घोट्याच्या मागच्या कंगोऱ्याला अनेकदा लपलेली चीर असते, साध्या एक्स-रेत निसटते. घोट्याचा सीटी झाला होता का?

अर्धीपायरी

झाला होता! आणि फिल्ममध्ये रॉडपासून लांब, घोट्यात एक सुटा स्क्रू दिसतो. मला इतके दिवस वाटत होतं तो चुकून राहिलाय. विचारायचं धाडस होत नव्हतं. आज फोन करून विचारलं, तो त्या चिरेसाठीच आहे म्हणे.

सगळ्यांचे आभार. फिल्म कपाटावर ठेवलीय, हात पोचणार नाही इतकी वर.

अर्धीपायरी

(दोन महिन्यांनी)

पुन्हा मीच. पाचवा महिना संपला. काल एक्स-रेत खालच्या तीनपैकी एक स्क्रू मोडलेला निघाला. बरोबर मधे दोन तुकडे. मला काही जाणवलंही नाही. डॉक्टर म्हणाले, "चांगलंच झालं." मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

वळणवाट

माझा काढावा लागला, तुमचा फुकटात मोडला!

अस्थिर

वळणवाट थट्टेत म्हणाला, पण आहे तसंच. स्क्रू रॉड आणि हाड यांना घट्ट धरतो. कधीकधी ते इतकं घट्ट होतं की तुकडे एकमेकांवर दाबले जात नाहीत. म्हणून आडव्या मोडीत आम्ही पाचेक महिन्यांनी एका टोकाचा स्क्रू काढतो, म्हणजे पाऊल टाकल्यावर हाड हाडावर बसतं. तुमचं काम स्क्रूने स्वतःच केलं. पिळाच्या मोडीत हे पहिल्या महिन्यात झालं असतं तर तुकडे घसरून पाय आखूड व्हायची भीती होती. आता मागे कॅलस आहे, तो धरेल. उरलेले दोन स्क्रू शाबूत आणि पाय सरळ आहे ना, तेवढं बघितलं असेलच त्यांनी.

पुढच्या भिंतीचं काय म्हणाले?

अर्धीपायरी

रेघ पुसट झालीय. "फिकी" असा शब्द वापरला. तीन भिंती झाल्या असं मी मोजलं, ते अडीच म्हणाले.

धूर

माझ्या तीन झाल्या. सिगारेटी शून्यावर नाहीत, दोनवर आहेत. ओरडू नका.

रात्रपाळी

ओरडत नाही. दोनच्या शून्य करा.

अर्धीपायरी

(आणखी तीन महिन्यांनी)

आठवा महिना. चारही भिंती. पुढची रेघ गेली, तिच्या जागी हाडाला थोडा फुगवटा आहे, बोट फिरवलं की लागतो. सकाळी पहिली दहा पावलं घोटा कुरकुरतो. गुडघा टेकून खाली बसता येत नाही, उशी घ्यावी लागते.

आता नवा प्रश्न. घरचे म्हणतात, रॉड काढून टाक, परकी वस्तू अंगात कशाला. काढावा का?

अस्थिर

त्रास नसेल तर राहू द्या. काढायचाच झाला तर दीड-एक वर्षानंतर, आणि गुडघा दुखतो म्हणून काढणार असाल तर काढल्यावर दुखणं हमखास थांबेल असं वचन मी कोणाला देत नाही. शिवाय तुमच्या मोडक्या स्क्रूचं टोक काढायला वेगळी खटपट करावी लागेल.

खडूस_काका

माझ्या प्लास्टरमधली ती विणायची सुई मी जपून ठेवलीय. तुम्ही रॉड ठेवा.

अर्धीपायरी

ठेवते. आज त्याच जिन्याने उतरले, कठडा धरून. तेरा पायऱ्या आहेत. मी इतकी वर्षं बारा समजत होते.